काळीवरचं प्लास्टिक: टेक्सासच्या बॅकयार्डमधल्या नकली गवताची गोष्ट

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

एप्रिल-मे आला की डॅलस परिसरातल्या आपल्या लोकांत एक प्रश्न हमखास निघतो. बॅकयार्डमध्ये नकली गवत, म्हणजे आर्टिफिशियल टर्फ, घालावं का? पोरांना वर्षभर हिरवं अंगण मिळेल का? फार तापतं का हो ते? उत्तरंही ठरलेली. अर्धे म्हणतात डोळे झाकून घाला, अर्धे म्हणतात पैसे मातीत. गेल्या काही वर्षांत त्यात 'हीट रेझिस्टंट' असा नवा शब्द आलाय. कंत्राटदाराच्या कोटमध्ये तो ठळक अक्षरात असतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की चला, तापण्याचा प्रश्न सुटला एकदाचा.

तो सुटलेला नाही. का नाही, हे समजायला या गवताचा इतिहास बघावा लागतो. तो आपल्या फार जवळचा आहे. ज्या इमारतीने हे गवत जगभर प्रसिद्ध केलं ती इथून गाडीने चार तासांवर, ह्यूस्टनमध्ये अजून उभी आहे. आणि उन्हाशी भांडण तर याच्या पाचवीलाच पुजलेलं. (फिनिक्स आणि दुबईवाल्यांनो, मातीचा भाग तुम्ही सोडून दिलात तरी चालेल, उन्हाचा भाग मात्र वाचा.)

आधी मातीबद्दल, कारण आपल्याकडे अर्धा खेळ तिचाच आहे.

डॅलस, प्लेनो, ॲलन, मकिनी, गार्लंड ही सगळी गावं ब्लॅकलँड प्रेअरीवर बसलेली आहेत. काळ्या चिकणमातीचा हा पट्टा डॅलसच्या उत्तरेकडून थेट सॅन अँटोनियोपर्यंत जातो. त्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध मातीचं नाव 'ह्यूस्टन ब्लॅक'. मृदाशास्त्रज्ञ हिला टेक्सासची राज्यमाती मानतात, आणि ती सुमारे १५ लाख एकरांवर पसरलेली आहे. जुने शेतकरी या जमिनीला 'ब्लॅक वॅक्सी' म्हणायचे, मेणासारखी चिकटते म्हणून. सोलापूर, लातूर, यवतमाळ, अकोला इकडच्या माणसाने पावसात बाहेर पडून बुटाला लागलेला गोळा बघितला तर त्याला ओळख सांगावी लागणार नाही. आपली काळी आणि ही काळी शास्त्राच्या भाषेत एकाच गोत्रातल्या आहेत, दोघी व्हर्टिसॉल. आपली बेसॉल्टच्या खडकापासून झाली, इथली चुनखडीच्या आणि चुनायुक्त चिकणगाळाच्या थरांपासून. जन्म वेगळा, स्वभाव तोच. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात हात आत जाईल अशा भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत घसरते, पाऊस आला की सगळं फुगून खालचं वर ढकललं जातं. काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असं आपण शाळेच्या भूगोलात वाचलं होतं. बॅकयार्डमध्ये फरशी उचकटली, कुंपणाचा खांब कलला, बाथरूमच्या कोपऱ्यात भिंतीला तडा गेला, की समजायचं नांगरट चालू आहे.

दोन्ही काळ्यांचं नातं कापसातूनही आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, दक्षिणेतला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं तसा तो कोसळलाही. इकडे १८७२ मध्ये डॅलसला रेल्वे पोचली, पोलादी नांगरांनी ही चिवट प्रेअरी फोडली आणि बघता बघता सगळा पट्टा कापसाखाली गेला. मूळ गवताळ प्रेअरी आज एक टक्कासुद्धा उरलेली नाही. म्हणजे इथे जे 'नैसर्गिक' लॉन आपण म्हणतो तेही इथलं मूळचं नव्हे, ते नंतर आणून बसवलेलं आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या जुन्या लोकांकडे होती. गावगाड्यात जमिनीचे दोन भाग: पांढरी आणि काळी. पांढरीवर घरं, काळीत पिकं. टेक्सासच्या उपनगरांनी हा भेद ठेवला नाही, घरं सरळ काळीवर बांधली. म्हणून तर इथे उन्हाळ्यात लोक घराच्या पायालाच पाणी पाजतात. भारतातून पहिल्यांदा आलेल्या आईबाबांना घराभोवती फिरवलेली ती पाझरणारी नळी दाखवली की ते झाडं शोधायला लागतात! पायाभोवतीची माती सगळीकडे सारखी ओलसर राहावी, एका बाजूने आक्रसू नये, यासाठी तो खटाटोप असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गवताकडे. आपल्या लॉनमध्ये बहुतेक करून जे असतं त्याला इथे बर्म्युडा ग्रास म्हणतात. त्याचं शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. तीच आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. विश्वास बसत नसेल तर गुडघे टेकून बघा, पेरावर मुळं टाकत पळणाऱ्या त्या फुटव्यांना ओळखाल. दख्खनच्या काळ्या जमिनीत शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या हरळीशी लढा दिला. खोल नांगरट करून, मुळ्या वेचून, जाळून काढली तरी पुढच्या पावसात हजर. जे गवत आपल्या पणजोबांनी रान साफ करायला उपटलं, ते आपण इथे पॅलेटवर विकत घेतो, त्याला पाणी घालतो, आणि ते पिवळं पडलं तर एचओएचं पत्र येतं.

हे पत्र येण्यामागेही एक इतिहास आहे, थोडक्यात सांगते. १८३० मध्ये इंग्लंडमधल्या एडविन बडिंग नावाच्या माणसाने गवत कापायचं यंत्र काढलं. तोवर कापलेलं हिरवं मैदान ही जमीनदारांची चैन होती. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनसारख्या वसाहती उभ्या राहिल्या आणि घर विकतानाच्या करारात लॉन दर आठवड्याला कापायची अट आली. शेजारधर्माचं माप गवताच्या उंचीत मोजायची सवय तिथून पक्की झाली. २००५ मध्ये उपग्रहांच्या मदतीने केलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या लॉनचं क्षेत्रफळ सुमारे १ लाख ६० हजार चौरस किलोमीटर निघालं. महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. पाणी पाजून वाढवलेल्या मक्याच्या क्षेत्राच्या तिप्पट.

या सगळ्यात प्लास्टिक कुठून शिरलं? शिरलं ते मुलांसाठीच, आणि हा भाग मला फार चटका लावणारा वाटतो. कोरियन युद्धानंतर असं लक्षात आलं की शहरातली तरुण मुलं खेड्यातल्या मुलांपेक्षा अंगाने कमी पडतात. कारण सरळ होतं. शहरात खेळायला गवत नव्हतं, होतं ते काँक्रीट. फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर चालणाऱ्या एका शैक्षणिक संस्थेने हा विषय हातात घेतला आणि मोन्सँटोच्या केमस्ट्रँड या उपकंपनीने नायलॉनचं गवत विणून बघितलं. १९६४ मध्ये ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्समधल्या मोझेस ब्राउन स्कूलमध्ये ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर अंथरलं. नाव होतं 'केमग्रास'. ज्या मुलांच्या नशिबी गवत नाही त्यांच्यासाठी केलेली सोय. गवत उपटून तिथे घालायची वस्तू म्हणून ते कोणी केलेलं नव्हतं.

मग आलं ह्यूस्टन.

१९६५ मध्ये तिथे ॲस्ट्रोडोम उघडलं, छप्पर असलेलं जगातलं पहिलं अवाढव्य स्टेडियम. रॉय हॉफहाइन्झ या राजकारणी-उद्योजकाचं स्वप्न. ह्यूस्टनचा उकाडा आणि डास बाहेर, आत एसी आणि बेसबॉल. खाली खरं गवत लावलं होतं, टिफवे नावाची बर्म्युडाची संकरित जात, म्हणजे आपल्या दूर्वेचीच एक लेक. तिला ऊन मिळावं म्हणून छताला साडेचार हजारांहून जास्त पारदर्शक तावदानं. पण दिवसा सामना सुरू झाला आणि त्या तावदानांच्या चकाकीत उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना. झेल सुटायला लागले. शेवटी तावदानांना रंग फासला. खेळाडूंना चेंडू दिसला, दूर्वेला ऊन दिसेनासं झालं. ती मेली. उरलेला हंगाम मेलेल्या गवताला आणि मातीला हिरवा रंग मारून खेळले.

हॉफहाइन्झने केमग्रास मागवलं. कारखान्यातून एकदम पुरेसा माल निघेना, म्हणून १९६६ च्या एप्रिलमध्ये आधी मैदानाच्या आतल्या भागात आणि जुलैमध्ये बाहेरच्या भागात ते अंथरलं. 'केमग्रास' हे नाव मागे पडलं, 'ॲस्ट्रोटर्फ' सगळ्यांच्या तोंडी बसलं. १९६७ मध्ये फारिया आणि राइट या दोघांच्या नावे पेटंटही मिळालं.

आता यातली मेख बघा. नकली गवत पहिल्यांदा यशस्वी झालं ते उन्हात नव्हेच. ते यशस्वी झालं अंधाऱ्या, एसी लावलेल्या खोलीत, जिथे ऊन नाही म्हणून खरं गवत जगलं नाही. त्याचा जन्मच सावलीतला. पुढच्या साठ वर्षांतल्या सगळ्या तक्रारींचं मूळ मला इथेच दिसतं.

१९६७ मध्ये इंडियाना स्टेट युनिव्हर्सिटीने ते पहिल्यांदा उघड्यावरच्या स्टेडियममध्ये घातलं, आणि मग लाटच आली. त्या काळी उघड्यावरची रचना अशी असायची: खाली डांबर, वर फोमचा थर, त्यावर नायलॉन. म्हणजे तवा, त्यावर गादी, त्यावर प्लास्टिक. सेंट लुईसच्या बुश स्टेडियममध्ये १९७० मध्ये ते घातलं आणि ते मैदान उन्हाळ्यातल्या भाजण्यासाठीच ओळखलं जायला लागलं. आपल्या डॅलसच्या कॉटन बोलमध्येही १९७० मध्येच आलं. पण १९९४ चा फुटबॉल वर्ल्ड कप डॅलसला मिळाला तेव्हा ते काढून पुन्हा खरं गवत लावावं लागलं. २०२६ च्या वर्ल्ड कपसाठीही फिफाची अट खऱ्या गवताचीच. एरवी नकली गवतावर खेळ होतात त्या स्टेडियमनासुद्धा त्यातून सूट नाही.

इथे थोडं विषयांतर, पण आपल्या जिव्हाळ्याचं. १९२८ पासून १९५६ पर्यंत ऑलिंपिक हॉकीत भारताची सलग सहा सुवर्णपदकं. १९७५ मध्ये क्वालालंपूरला आपण वर्ल्ड कप जिंकलो, गवतावर. दुसऱ्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा नकली गवतावर खेळली गेली आणि आपण सातवे आलो. सगळा दोष गवतावर टाकणं बरोबर नाही, पण खेळ बदलला हे खरं. चेंडू वेगात आणि सरळ धावायला लागला, मनगटाच्या कसबापेक्षा दमसास आणि ताकद वरचढ झाली, आणि सराव करायला तसली मैदानं आपल्याकडे कितीतरी वर्षं मोजकीच होती. पुण्याजवळच्या खडकीसारख्या जागी, जिथून धनराज पिल्लेसारखा खेळाडू निघाला, तिथली पोरं मातीवर खेळून मोठी होत होती. पण मला हॉकीतली वेगळी गोष्ट दाखवायची आहे. हॉकीची ती निळी मैदानं टीव्हीवर पाहिली असतील. सामन्याआधी त्यावर पाण्याचे फवारे मारतात. चेंडू नीट घरंगळावा, खेळाडूचं अंग घासून निघू नये म्हणून ती मैदानं पाण्यावरच चालतात. पाणी वाचवणारं गवत म्हणून जे विकलं जातं त्याचा सगळ्यात देखणा अवतार पाण्याशिवाय चालत नाही!

१९९० च्या दशकात तिसरी पिढी आली. नायलॉनऐवजी मऊ पॉलिइथिलीनची लांब पाती, आणि ती उभी राहावीत म्हणून मध्ये वाळू आणि जुन्या टायरचा भुगा. पडलं तरी गुडघे सोलत नाहीत, दिसायलाही खरं. शाळांची मैदानं भराभर बदलली. आपल्या मुलांचा सॉकर आणि फुटबॉलचा सराव यावरच चालतो.

युटामधल्या ब्रिगम यंग युनिव्हर्सिटीने २००२ मध्ये असं मैदान केलं. एका प्रशिक्षकाच्या बुटातल्या पायांना फोड आले, म्हणून तिथल्या दोन शास्त्रज्ञांनी तापमापक घेऊन मोजायला सुरुवात केली. हवा ९८ फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३७ सेल्सियस, असताना त्या गवताचा पृष्ठभाग २०० फॅरनहाइटपर्यंत गेला. म्हणजे ९३ सेल्सियस, पाणी उकळायला थोडंच बाकी. सरासरी काढली तर हे हिरवं मैदान डांबरापेक्षाही ३७ फॅरनहाइटने जास्त गरम निघालं. मग त्यांनी पाणी मारून बघितलं. १७४ वरून तापमान ८५ फॅरनहाइटवर आलं. सगळे खूश. पाच मिनिटांनी १२०, वीस मिनिटांनी १६४. माझ्या मते या विषयात एवढा बोलका आकडा दुसरा नाही. "थोडं पाणी मारलं की थंड होतं" असं विक्रेता सांगतो ते खोटं नसतं, फक्त तो घड्याळाबद्दल बोलत नाही.

असं का होतं? खरं गवत मुळातून पाणी ओढतं आणि पात्यातून हवेत सोडतं. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने हरळी गार राहते. प्लास्टिकला घाम येत नाही. आलेलं ऊन ते गिळतं, आणि त्याला उष्णता खाली मातीत नीट देता येत नाही, म्हणून सगळी धग वरच्या पात्यांत साठते, नेमकी तिथे जिथे लहान मूल अनवाणी उभं असतं.

आता 'हीट रेझिस्टंट'बद्दल. हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि घोटाळा तिथेच होतो. एक अर्थ असा की उन्हाने पाती वितळणार नाहीत, रंग उडणार नाही. हे बऱ्याच अंशी खरं असतं, पण त्याचा तुमच्या मुलाच्या तळपायाशी काही संबंध नाही. तव्यालाही ऊन सहन होतंच की. दुसरा अर्थ असा की गवत कमी तापतं. त्यासाठी रंगात अशी द्रव्यं घालतात की सूर्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांतला काही भाग परत फिरतो. काळ्या रबराऐवजी फिक्या रंगाची, लेप दिलेली वाळू घालतात, किंवा पाणी धरून ठेवणारे खनिजाचे दाणे घालतात. याने फरक पडतो का? पडतो. पेन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या क्रीडा-पृष्ठभाग संशोधन केंद्राने वेगवेगळे रंग आणि भराव तपासून जे म्हटलं त्याचा मथितार्थ असा: पाच-दहा फॅरनहाइट कमी झाले तरी पृष्ठभाग १५० च्या वरच जात असेल तर त्या दिलाशाला फारसा अर्थ नाही. १५० म्हणजे ६५ सेल्सियस. पाणी धरणारे दाणे ओले असेतोवर काम करतात. म्हणजे पुन्हा पाणी आलं.

मग लोक हे घालतात तरी का? त्यालाही सबळ कारण आहे, आणि ते या मातीत आणि या आकाशात आहे. १९८० च्या उन्हाळ्यात डॅलस-फोर्टवर्थला सलग ४२ दिवस पारा १०० च्या वर होता. २०११ मध्ये वर्षभरात असे ७१ दिवस झाले. त्याआधीच टेक्सोमा तलावात झेब्रा शिंपल्यांचा उपद्रव सुरू झाला होता आणि प्लेनो, मकिनी, ॲलन, फ्रिस्को या गावांना पाणी देणाऱ्या संस्थेला तिथून पाणी उचलणं थांबवावं लागलं होतं. पुढची दोन-तीन वर्षं लॉनला पाणी घालण्यावर इतके निर्बंध होते की काही काळ पंधरवड्यातून एकदाच स्प्रिंकलर लावता यायचा. वर एचओए. शेवटी २०१३ मध्ये टेक्सासने कायदा केला की कमी पाण्यावर जगणारी झाडं किंवा कमी पाण्याचं नैसर्गिक गवत लावायला एचओए मनाई करू शकणार नाही. 'नैसर्गिक' हा शब्द नीट वाचा. प्लास्टिकच्या गवताला त्या कायद्याचं कवच नाही, त्यामुळे एचओएची लेखी परवानगी आधी हातात घ्या. कॅलिफोर्नियाचं तर उलटसुलट चाललंय. २०१५ च्या दुष्काळात तिथे एचओएला नकली गवतावर बंदी घालायला मनाई केली, आणि २०२३ मध्ये शहरांना आणि काउंटींना ते बंद करायची मोकळीक दिली. आठ वर्षांत सरकारचं मत फिरलं, त्यामागे हे तापणं आणि प्लास्टिकचा कचरा ही दोन्ही कारणं होती.

तरीही घालायचंच असेल तर काळीवर ते कसं बसतं ते समजून घ्या. बिघडलेली बहुतेक अंगणं मला गवतामुळे बिघडलेली दिसत नाहीत, ती खालच्या थरामुळे बिघडतात. कोटमध्ये लिहिलेलं असतं की यातून ताशी इतके इंच पाणी झिरपतं. तो आकडा चटईचा, मातीचा नव्हे. फुगलेली काळी पाण्याचा थेंब आत घेत नाही. म्हणून वरची माती चांगली चार-सहा इंच काढायची, तळाला जाड विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड घालायचं, आणि वर खडीचा थर, तोही एकदम न ओतता थोडा थोडा घालून प्रत्येक वेळी यंत्राने ठोकून. कापड कशाला असा प्रश्न विचारणारा कंत्राटदार भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. कापड नसेल तर दोन पावसाळ्यांत खडी चिखलात बुडते आणि चिखल खडीत वर येतो. काळी नांगरते म्हटलं ना, ती खडीलाही सोडत नाही. उतार घरापासून लांब जाणारा हवा, आणि जागा सपाट असेल तर खाली भोकं असलेला पाइप घालून पाणी बाहेर काढावं लागतं. खोदाई भर ऑगस्टमध्ये भेगा पडलेल्या असताना करू नये, आणि आठवडाभर पाऊस पडून गेल्यावरही नको. एका टोकाला असलेली माती नंतर दुसऱ्या टोकाला जातेच, आणि वरचं गवत लाटांसारखं होतं, जोड उघडे पडतात. खोदायच्या आधी ८११ ला फोन करायचा, हे कंत्राटदार करतो की नाही ते विचारा.

आणि ती पायाला पाणी पाजायची नळी आठवते ना? लॉनला पाणी घालताना घराच्या पायालाही आपसूक थोडं मिळत असतं. गवत काढून प्लास्टिक घातलं, स्प्रिंकलरची ती ओळ बंद केली, की घराच्या त्या एका बाजूची माती वाळायला लागते. बाकी तीन बाजू ओल्या, एक कोरडी. काळीवर उभ्या असलेल्या घराला याहून वाईट काही नाही. म्हणून भिंतीलगत दोन-तीन फुटांची पट्टी मोकळी ठेवा आणि तिथे ठिबक किंवा पाझरनळी चालू ठेवा. पाण्याच्या बिलात वाचणारे पैसे पायाच्या दुरुस्तीपुढे किस झाडकी पत्ती.

आणखी एक शहरी भानगड आहे. नव्या घरांच्या खिडक्यांना ऊन परतवणारी लो-ई काच असते. ठरावीक कोनातून आलेलं ऊन ती एका पट्ट्यात गोळा करून समोर फेकते, आणि तिथलं प्लास्टिकचं गवत चक्क वितळून वळतं. ती खिडकी तुमच्या शेजाऱ्याचीही असू शकते. त्यामुळे दुपारी अंगणात कुठे चकाकी पडते ते गवत घालायच्या आधी दोन-तीन दिवस बघून ठेवा.

माझं मत विचाराल तर ते ॲस्ट्रोडोममध्येच आहे. तिथे दूर्वा सावलीने मेली आणि प्लास्टिक सावलीत जगलं. बॅकयार्डमध्येही तीच वाटणी करा. दोन घरांच्या मधली बोळ, पॅटिओच्या छताखालची जागा, मोठ्या ओकखालचा भाग, इथे हरळी धरतच नाही. तिथे नुसता चिखल असतो, कुत्रा आणि पोरं तो घरात आणतात. तिथे नकली गवत घाला, खुशाल घाला. ओकखाली मात्र मुळं तोडून खोदू नका, तिथे थर पातळ ठेवावा लागतो. पश्चिमेकडचं उघडं अंगण, जिथे दुपारी तीनपासून ऊन ओततं, ते हरळीवर सोडा. हरळी हिवाळ्यात पिवळी पडते, पडू दे. ती मेलेली नसते, झोपलेली असते. तिला आठवड्यातून एकदा खोल पाणी पुरतं, आणि ही माती तिच्या ओळखीची आहे. मुलांना भर उन्हात खेळायचंच असेल तर आधी सावलीचं कापड किंवा एखादं झाड यावर पैसे घाला, मग जमिनीचा विचार करा. भाद्रपदात एकवीस दूर्वांसाठी तासभर गाडी हाकावी लागणार नाही हा वरचा फायदा. फक्त त्या कोपऱ्यात तणनाशक मारू नका.

शेवटी एक विनंती. ज्यांच्याकडे हे गवत घालून किमान दोन उन्हाळे झालेत, त्यांनी जुलैतल्या एखाद्या स्वच्छ दुपारी चार वाजता स्वयंपाकघरातलं ते बंदुकीसारखं इन्फ्रारेड थर्मामीटर त्यावर धरा. गवत उन्हातलं की सावलीतलं, भराव वाळूचा की रबराचा, हवेचं तापमान किती, आणि आकडा किती, एवढं खाली लिहा. पुढच्या मे महिन्यात कोणी विचारलं की कंपनीच्या माहितीपत्रकाऐवजी आपल्याच अंगणांतले आकडे दाखवता येतील.